नेढं

नवीन आलं की ते खोक्यात, भुश्यात निजलेलं असतं,
मुठीएवढं, करडं,
आणि इतकं जड की गोदामातला नवखा पोरगा फसतो,
एका हातानं उचलायला जातो नि वाकतो.
मी हसत नाही. मीही वाकले होते.

माझं काम मोजण्याचं.
नेढ्याचा व्यास आठ मिलिमीटर, इकडे तिकडे केसभर.
वहीत आकडा, खाली सही : फू रुइलिआन.
मग ते भट्टीच्या बुडाशी बसतं
आणि दोन हजार अंशांचा रस त्यातून ओवला जातो,
फिरत्या चाकांवर आपटतो, फुटतो, पिंजला जातो,
पलीकडे पांढरी लोकर.

कुणाच्या अंगावर घालायची नव्हे ती.
अंगाला लागली तर रात्रभर खाजवाल.
ती जाते दुसऱ्या भट्ट्यांना पांघरायला.
आमच्या बोशानात हे असंच,
आग विणायची, आगीसाठीच गोधडी.

सासरे, लुआन देमाओ, बत्तीस वर्षं भट्टीवर.
म्हणायचे, "हा मॉलिब्डेनम आगीला भीत नाही.
हवेला भितो."
मला वाटे, म्हाताऱ्याची एखादी म्हण असेल,
जेवताना ऐकायची नि वाटीबरोबर विसळून टाकायची.

मग ती रात्र. सणाला चार दिवस होते,
निम्मे कामगार गावी गेलेले.
वीज गेली.
चाकं रडत रडत थांबली
आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कारखान्यात
माझ्याच बुटांचा आवाज आला.
भट्टीत रस खाली बसत गेला,
इलेक्ट्रोडच्या माना उघड्या पडल्या,
आणि धूर.
पांढराशुभ्र. खरं सांगते, सुंदर होता.
वितळत नव्हता तो धातू, उडून चालला होता,
जिच्यात आपण सगळे जगतो त्या हवेत.

सासऱ्यांनी फावडं घेतलं.
कच्ची भुकटी, फावड्यामागून फावडं, त्या मानांवर.
लेकराला पांघरूण घालावं तसं, असं लिहिलं असतं,
पण ते खोटं होईल.
शिव्या देत होते. विजेला, साहेबाला, धातूच्या आईला.
मी टॉर्च धरला होता. हात हलला, तर मलाही.

पाऊण तासानं दिवे आले.
मनगटाएवढे इलेक्ट्रोड वरच्या अंगाला
अंगठ्याएवढे झाले होते, पण भट्टी जगली.
कंपनीनं एक थर्मास दिला
आणि लाल अक्षरं छापलेला टॉवेल.

आता ते घरी. नाकात नळी,
पलंगाशी यंत्र घुरघुरतं, भट्टीच्या मानानं फारच हळू.
"बघ," म्हणतात, "त्याला हवा सोसत नाही,
मला पुरत नाही."
"कमी बोला," मी म्हणते.
लोकर कुठे कुठे जाऊन बसते,
ते माझ्या वहीत मोजायचा रकाना नाही.

अकरा मिलिमीटरला नेढं बाद होतं.
तुकडासुद्धा तोलून परत जातो, महाग माल.
तरी शेवटच्या दिवशी मुकादम जिंगनं
एक तडकलेलं त्यांच्या डब्यात घातलं,
काट्याकडे पाठ करून.
जपून ठेवा म्हणाला, आगीत राहिलं की ठिसूळ होतं,
पडलं तर बिस्किटासारखं मोडेल.

ते आता कोबीच्या खारवणाच्या बरणीवर आहे.
झाकण दाबून धरतं. दुसरं काम नाही.

शिआओमान, माझी मुलगी, त्यात बोट घालते.
गेल्या हिवाळ्यात बोट आरपार जाऊन आत हलायचं.
नेढं आता वाढत नाही. बोट वाढतं.
काल ते अडकलं.
मी साबण शोधत धावले, ती रडू की नको अशी,
आणि पलंगावर म्हातारा हसत सुटला,
हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला,
म्हणाला, "अकरा! लिहून घे, अकरा झाले!"

सवयीनं माझा हात खिशात गेला.
व्हर्निअर कामावर राहिला होता.